वरची ओळ खोडू नका

गेल्या स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात सर्वांत लांब रांग संगणक कक्षाच्या टेबलापुढे होती, हे पालकांना आठवत असेल. आपल्या शनिवारच्या संगणक वर्गातील अकरावीच्या एका मुलीने सी भाषेत ‘अडीचकीचे कोडे’ तयार केले होते. पडद्यावर प्रश्न यायचा, “सात अडीच किती?” आणि धाकट्या वर्गातील मुलांनी उत्तर टाइप करायचे. चौथीतल्या एका मुलाने १७.५ असे टाइप केले. पडद्यावर आले, “चूक. पुन्हा प्रयत्न करा.” त्याने पुन्हा तेच टाइप केले. पुन्हा चूक. मागे त्याचे आजोबा उभे होते. घरी त्याच्याकडून दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेणारे तेच. ते म्हणाले, “अरे, साडेसतराच. बरोबर आहे तुझं.” मुलगा खाली मान घालून म्हणाला, “आजोबा, कंप्युटर चुकत नाही,” आणि रांगेतून बाहेर पडला.

त्या दिवशी संगणकाने एकही उत्तर बरोबर म्हणून स्वीकारले नाही. अर्ध्या तासाने आम्ही पडदा बंद केला. विद्यार्थिनी रडवेली झाली होती. चूक तिची नव्हती, आमची होती. ती नेमकी काय होती हे आम्ही येथे सविस्तर सांगणार आहोत. कारण त्यानंतर काही पालकांनी विश्वस्त मंडळाकडे लेखी मागणी केली आहे की, संगणक कक्षात पूर्वीचे टर्बो सी परत आणावे, ‘त्यावर सगळे नीट चालत होते’. ही मागणी आम्हांला मान्य नाही. पण ती चिडून केलेली नाही, मुलांच्या काळजीपोटी केलेली आहे, म्हणून तिला उत्तरही नीट द्यायला हवे.

झाले काय?

कोड्यात प्रत्येक वेळी वेगळा प्रश्न यावा म्हणून कोणताही एक आकडा उचलून देणारे फंक्शन लागते. टर्बो सीमध्ये ‘रँडम’ नावाची तशी सोय होती. रँडमला दहा दिले की शून्य ते नऊमधला एक आकडा मिळायचा. आमच्या विद्यार्थिनीने मोठ्या भावाच्या वहीत ते पाहिले होते. आता कक्षात लिनक्स आणि जीसीसी हा कम्पायलर आहे. त्यावर रँडमला दहा देता येत नाहीत. म्हणून तिने स्वतःच एक छोटे फंक्शन लिहिले आणि त्याला नाव दिले रँडम. विचार अगदी बरोबर होता. जे मिळत नाही ते आपण बनवावे, हेच तर आम्ही शिकवतो.

कम्पायलरने मात्र प्रोग्रॅम नाकारला. संदेश आला, ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स फॉर रँडम’. साध्या मराठीत सांगायचे तर रँडमची दोन वेगवेगळी वर्णने माझ्यापुढे आली आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. लिनक्सवर एसटीडीलिब डॉट एच या हेडर फाइलमध्ये रँडम नावाचे एक फंक्शन आधीपासून आहे. ते काहीच घेत नाही आणि लाँग जातीचा आकडा परत देते. आमच्या मुलीचे रँडम एक पूर्णांक घेत होते आणि साधा पूर्णांक देत होते. नाव एकच, वर्णने दोन.

तिने आम्हांला विचारले. प्रदर्शन दोन दिवसांवर आले होते, आम्ही घाईत होतो. आम्ही म्हणालो, “वरची हेडरची ओळ काढून टाक, चालेल.” आणि चालले. निदान तसे वाटले. कम्पायलरने काही इशारे दिले, पण प्रोग्रॅम तयार झाला, प्रश्न येऊ लागले. ती ओळ गेल्यावर आणखी काय गेले, हे आम्ही पाहिले नाही. टाइप केलेल्या अक्षरांचा दशांश आकडा करणारे ‘एटॉफ’ हे फंक्शन त्याच हेडरमध्ये जाहीर केलेले आहे. ओळ खोडल्यावर कम्पायलरला एटॉफची ओळखच उरली नाही. सी भाषेची जुनी सवय अशी की अनोळखी फंक्शन दिसले तर ते पूर्णांक परत देत असेल असे गृहीत धरायचे. एटॉफ खरे तर डबल, म्हणजे दशांशाचा आकडा देते. आजच्या संगणकात पूर्णांक एका खणात परत येतो आणि दशांश दुसऱ्या. आमचा प्रोग्रॅम पूर्णांकाच्या खणात पाहत राहिला. तेथे जे काही पडलेले होते तेच त्याला उत्तर म्हणून मिळाले. मुलाने १७.५ लिहिले, संगणकाने भलताच आकडा वाचला आणि ‘चूक’ म्हणून मोकळा झाला.

गंमत अशी की कोडे साध्या पाढ्यांचे असते आणि एटॉफऐवजी पूर्णांक देणारे एटॉय वापरले असते, तर सगळे सुरळीत चालले असते. कम्पायलरचा अंदाज योगायोगाने खरा ठरला असता. आम्हीही “ओळ काढली की चालते” हा धडा पुढच्या दहा तुकड्यांना दिला असता. अडीचकीने आमचे पितळ उघडे पाडले.

एक नाव, दोन अर्थ

आपण इंदूरकर मराठी माणसांना हा प्रश्न समजायला खरे तर अवघड जाऊ नये. आपली मुले लहानपणापासून त्यातच वाढतात. घरी ‘शिक्षा’ म्हणजे अंगठे धरून उभे राहणे. रस्त्यावरच्या हिंदी पाटीवर ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. घरी ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, हिंदीच्या तासाला ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. घरचा ‘संसार’ भांड्याकुंड्यांचा, हिंदीतला अवघ्या जगाचा. पहिलीतले मूल गोंधळते, तिसरीतले गोंधळत नाही. कारण समोरचा माणूस कोणत्या भाषेत बोलतो आहे हे आधी ओळखायचे, हे त्याला कळलेले असते. गोंधळ नको म्हणून आपण मुलांना हिंदी ऐकण्याची बंदी करत नाही. तसे केले तर एका शब्दाचा गोंधळ मिटेल आणि मूल साऱ्या शहराला मुकेल.

हेडरची ओळ खोडणे म्हणजे नेमके हेच. हेडर फाइल ही लायब्ररीने दिलेली ओळखयादी आहे. कोणते फंक्शन काय घेते आणि काय देते, हे तीत लिहिलेले असते. एका नावावरून भांडण झाले म्हणून सगळी यादीच फाडली, तर बाकीच्या शंभर नावांची ओळखही जाते.

माणूस संदर्भावरून अर्थ ठरवतो. सी भाषेचा कम्पायलर तसे करत नाही. त्याच्या लेखी एका नावाच्या फंक्शनचे एकच वर्णन असू शकते. म्हणून तो थांबतो आणि विचारतो. त्याचे हे थांबणे म्हणजे त्रास, असे मुलांना वाटते. आम्हांलाही घाईत तसेच वाटले. वस्तुतः त्या दिवशी खरे बोलणारा एकटा कम्पायलरच होता.

पुस्तक चुकले का?

दुसरा प्रसंग याहून बोलका आहे. सी भाषेचे मूळ पुस्तक ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचे. पहिली आवृत्ती १९७८ ची, दुसरी १९८८ ची. त्याच्या पहिल्याच प्रकरणात दिलेल्या ओळींतली सर्वांत लांब ओळ शोधणारा प्रोग्रॅम आहे. त्यात ओळ वाचणाऱ्या फंक्शनचे नाव आहे ‘गेटलाइन’. आमच्या वर्गातील एका मुलाने तो अक्षर न् अक्षर उतरवून काढला आणि कम्पायलरने तो नाकारला. मुलगा म्हणाला, “सर, ज्यांनी भाषा बनवली त्यांनाच ती येत नाही का?”

प्रश्न उद्धट नव्हता, रास्त होता. उत्तर असे की पुस्तक लिहिले गेले तेव्हा लायब्ररीत गेटलाइन नव्हते. पुढे ग्नू प्रकल्पाच्या लायब्ररीत त्या नावाचे, पण वेगळ्या घडणीचे फंक्शन जादा सोय म्हणून आले. २००८ च्या पॉझिक्स प्रमाणकाने ते स्वीकारले आणि २००९ पासून लिनक्सच्या लायब्ररीने ते एसटीडीआयओ डॉट एच या हेडरमधून, कोणी मागितले नाही तरी, सर्वांसमोर ठेवले. पुस्तकातले गेटलाइन अक्षरांची रांग आणि तिची कमाल लांबी घेते. नवे गेटलाइन तीन गोष्टी घेते, त्यांतली एक फाइल असते, आणि जागा कमी पडली तर ती स्वतः वाढवून घेते. पुस्तक चुकले नाही. गाव वाढले आणि त्याच नावाचा दुसरा गृहस्थ राहायला आला.

हे पुढेही होत राहणार. सी भाषेचे प्रमाणक १९८९ ला आले, मग १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ ला नव्या आवृत्त्या निघाल्या. १९९९ च्या आवृत्तीने ‘राउंड’ हे फंक्शन आणले. त्याआधी ज्यांनी स्वतःचे राउंड लिहिले होते, त्यांच्यापुढे हाच प्रश्न आला. म्हणून ‘आज चालणारा प्रोग्रॅम’ एवढेच शिकवून भागत नाही. उद्या तो अडला तर काय पाहायचे, हे शिकवावे लागते.

संदेश दोन ओळींचा असतो

विद्यार्थी मित्रांनो, कम्पायलरचा संदेश लाल अक्षरांत आला की तुम्ही पहिली ओळ अर्धी वाचता आणि हात वर करता. यापुढे दुसरी ओळही वाचा. उत्तर बहुधा तेथेच असते.

‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स’ या ओळीखाली ‘नोट’ या शब्दाने सुरू होणारी ओळ येते. आधीचे डिक्लेरेशन कोठे आहे, ते ती सांगते. तेथे एसटीडीलिब डॉट एच किंवा एसटीडीआयओ डॉट एच असे हेडरचे नाव असेल, तर तुमचे नाव लायब्ररीच्या नावाशी भिडले आहे. कम्पायलरच्या नव्या आवृत्त्या दोन्ही वर्णने शेजारी लिहूनच देतात. ती जुळवून पाहा. लायब्ररीतले फंक्शन तुमचेच काम करत असेल, तर आपले काढून टाका आणि तेच वापरा. काम वेगळे असेल तर आपल्या फंक्शनचे नाव बदला.

पण नोटमध्ये तुमच्याच फाइलचे नाव असेल आणि ‘प्रीव्हियस इम्प्लिसिट डिक्लेरेशन’ असे शब्द असतील, तर रोग वेगळा आहे. समजा सरासरी काढणारे, डबल देणारे फंक्शन तुम्ही मेनच्या खाली लिहिले आणि वर मेनमध्ये वापरले. कम्पायलर वरून खाली वाचतो. त्याला आधी वापर दिसला, तेव्हा त्याने पूर्णांकाचा अंदाज बांधला. खाली आल्यावर पाहतो तर डबल. येथे लायब्ररीचा काही संबंध नाही आणि नाव बदलून काही होणार नाही. मेनच्या वर त्या फंक्शनची एका ओळीची ओळख, म्हणजे प्रोटोटाइप, लिहा. ताप एकच असला तरी मलेरियाचे औषध टायफॉइडला चालत नाही.

एक नमुना मोठा गमतीचा आहे. दोन बिंदूंमधले अंतर काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये एका मुलाने एक्स-एक, वाय-एक, एक्स-दोन, वाय-दोन अशी चार नावे मेनच्या बाहेर, फाइलच्या माथ्यावर ठेवली. वर्गमूळासाठी मॅथ डॉट एच घेतले होते. कम्पायलरने तक्रार केली ती एकट्या वाय-एकबद्दल! बाकी तिघांवर त्याचा राग नव्हता. कारण लिनक्सच्या मॅथ डॉट एचमध्ये वाय-एक नावाचे फंक्शन आहे. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणिती फलनांपैकी ते एक. येथे संदेश थोडा निराळा येतो, की हे नाव वेगळ्याच प्रकारच्या वस्तूला पुन्हा दिले आहे. ती चार नावे मेनच्या आत नेली की तक्रार मिटते, कारण आतले नाव आतच राहते. एरवीही ती आतच असायला हवी होती. त्या तासाला भूमितीतून बेसलपर्यंत गेलेला वर्ग आम्ही पाहिला, आणि हे सारे एका लाल ओळीमुळे.

पळवाटा आणि वाट

नाव बदलण्याचा कंटाळा आला की मुले, आणि आम्ही शिक्षकही, पळवाटा काढतो. त्या कोणत्या आणि का टाळायच्या हे सांगितले पाहिजे.

पहिली पळवाट हेडर खोडण्याची. तिचे फळ आम्ही प्रदर्शनात खाल्ले. शिवाय भाषेच्या प्रमाणकाचा नियम असा की प्रमाणित लायब्ररीतील फंक्शनांची नावे, त्यांचे हेडर घेतले नसले तरी, तुमच्या सार्वत्रिक फंक्शनांना देता येत नाहीत. दिली तर प्रोग्रॅम कसा वागेल याची भाषा हमी देत नाही. १९९९ च्या प्रमाणकाने अनोळखी फंक्शनला पूर्णांक मानण्याची सवयही भाषेतून काढून टाकली होती. जीसीसी तरीही केवळ इशारा देऊन पुढे जाऊ देत असे. २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या चौदाव्या आवृत्तीपासून ही सरळ चूक मानली जाते आणि प्रोग्रॅम बनतच नाही. आमच्या कक्षात तेव्हा त्याआधीची आवृत्ती होती. नवी असती तर कोडे प्रदर्शनाच्या टेबलावर पोचलेच नसते.

दुसरी पळवाट कम्पायलरला जुने प्रमाणक पाळायला सांगण्याची. आज्ञा देताना ‘डॅश एसटीडी बरोबर सी ९९’ असे लिहिले की गेटलाइन आणि रँडम ही जादा नावे झाकली जातात. पुस्तकातला जुना प्रोग्रॅम आहे तसा चालवून पाहायचा असेल, तर हा उपाय आम्ही योग्य मानतो. रोजची सवय म्हणून मात्र नाही. कारण त्याबरोबर मुलांच्या हाताशी असलेल्या इतरही सोयी झाकल्या जातात. मॅथ डॉट एचमधली पायची तयार किंमत त्यांतलीच एक. मग वर्तुळाचे क्षेत्रफळ काढणारा प्रोग्रॅम अडतो आणि मूल पुन्हा गोंधळते.

तिसरी पळवाट सर्वांत फसवी. आपल्या फंक्शनचे वर्णन लायब्ररीच्या वर्णनाशी तंतोतंत जुळवून टाकायचे. तक्रार लगेच थांबते. पण आता तुम्ही लायब्ररीच्या माणसाच्या खुर्चीत बसलात. समजा ‘ॲब्स’ या नावाने तुम्ही तसेच, पूर्णांक घेऊन पूर्णांक देणारे फंक्शन लिहिले. कम्पायलरला ॲब्सचा अर्थ ठाऊक आहे. तो तुमच्या फंक्शनला न विचारता स्वतःची तयार कृती वापरू शकतो आणि तसे करण्याची त्याला मुभा आहे. तुम्ही आत काहीही लिहा, ते वाचलेच जाणार नाही.

राहिली सरळ वाट. आपल्या फंक्शनला आपले नाव द्या. यात आम्हांला एक खास आपली सोय दिसते. नाव मराठी ठेवा. रँडमऐवजी ‘फासा’, गेटलाइनऐवजी ‘ओळवाच’, राउंडऐवजी ‘पूर्णकर’, रोमन अक्षरांत लिहून. लायब्ररी लिहिणाऱ्यांना फासा हे नाव सुचण्याचा संभव जवळजवळ नाही. जीसीसीच्या २०२० च्या दहाव्या आवृत्तीपासून तर फंक्शनचे नाव थेट देवनागरीतही लिहिता येते. परीक्षेत आम्ही तसा आग्रह धरणार नाही. पण एकदा करून पाहा, आजोबांना वाचून दाखवता येईल असा प्रोग्रॅम होतो.

तरीही थोडे सांभाळून. रोमन लिपीत एसटीआर, एमईएम, आयएस किंवा टीओ या अक्षरांनी सुरू होऊन पुढे लहान अक्षर येणारी फंक्शनची नावे प्रमाणकाने लायब्ररीच्या पुढच्या वाढीसाठी बाजूला ठेवली आहेत. त्यामुळे ‘तोरण’ आणि ‘टोपी’ ही नावे रोमनमध्ये त्याच राखीव रांगेत जातात. आज कोणी भांडणार नाही, उद्याचे सांगता येत नाही. अधोरेषा आणि तिच्यापुढे मोठे अक्षर अशी नावेही वापरू नयेत, ती कम्पायलर आणि लायब्ररीची.

टर्बो सी परत आणावे का?

आता मूळ मागणीकडे. टर्बो सीने या देशातील असंख्य मुलांना प्रोग्रॅमिंगची ओळख करून दिली, त्यांत आम्हीही आहोत. निळा पडदा आणि ‘फंक्शन शुड हॅव अ प्रोटोटाइप’ हा संदेश आम्हांला अजून आठवतो. बोरलँड कंपनीचे टर्बो सी १९८७ चे, आणि आपल्याकडे पुढे वर्षानुवर्षे चाललेली टर्बो सी प्लस प्लसची आवृत्ती १९९० च्या दशकाच्या आरंभीची. आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर ती थेट चालतही नाही. जुन्या डॉसचे सोंग आणणारा दुसरा प्रोग्रॅम लावून त्यात चालवावी लागते. तिच्यात साधा पूर्णांक ३२,७६७ पर्यंतच जातो. दोनशे गुणिले दोनशे केले तर उत्तर मावत नाही.

पालक म्हणतात, तीवर पुस्तकातले प्रोग्रॅम अडत नाहीत. खरे आहे. गेटलाइन तेथे अडत नाही, कारण तेथे ते दुसरे गेटलाइन नाहीच. पण जेथे भांडणच उभे राहत नाही तेथे मूल भांडण सोडवायला शिकणार कसे? आमच्या विद्यार्थिनीची अडचणही तेथूनच सुरू झाली. टर्बो सीचे रँडम हे सी भाषेचे रँडम आहे, अशी तिच्या भावाची समजूत होती आणि तीच वहीतून खाली उतरली. एका कंपनीने दिलेली जादा सोय आणि भाषेच्या प्रमाणकातली गोष्ट यांतला फरक त्याला कोणी सांगितला नव्हता.

दुसरा मुद्दा असा मांडला जातो की, काही कॉलेजांत अजून टर्बो सीच आहे, मग मुले मागे पडतील. आमचे म्हणणे, ज्याला डिक्लेरेशन म्हणजे काय हे कळले तो निळ्या पडद्यावर एका दुपारी रुळेल. उलट प्रवास कठीण आहे. सवयीने ओळी खोडणारे मूल पुढे कोठेही गेले तरी ओळीच खोडत राहील.

आमच्या विनंत्या

विश्वस्त मंडळाने तीन गोष्टींचा विचार करावा. एक, संगणक कक्षात टर्बो सी परत आणू नये, आणि आहे त्या कम्पायलरची आवृत्ती दर वर्षी सुट्टीत अद्ययावत करण्याची परवानगी द्यावी. त्याला पैसे पडत नाहीत, आमचा एक दिवस पडतो. दोन, शनिवारच्या वर्गाच्या वर्षअखेरीच्या प्रात्यक्षिकात वीसपैकी पाच गुण संदेश वाचण्यासाठी ठेवावेत. मुलाला मुद्दाम अडणारा प्रोग्रॅम द्यायचा आणि विचारायचे, हा का अडला, दोन्ही वर्णने कोठे आहेत, तू काय बदलशील. प्रोग्रॅम शेवटी चालला नाही तरी हे पाच गुण मिळू शकतील. तीन, कम्पायलरचे नेहमी लागणारे बरेच इशारे दाखवणारा ‘डॅश डब्ल्यू ऑल’ हा पर्याय वर्गात सक्तीचा करावा आणि एकही इशारा शिल्लक असलेला प्रोग्रॅम प्रदर्शनात ठेवू नये. हा नियम आधी आम्हांला लागू व्हावा.

पालकांना विनंती एवढीच की, मूल घरी येऊन “आज माझा प्रोग्रॅम चाललाच नाही” म्हणाले, तर “मग तास फुकट गेला” असे म्हणू नका. काय संदेश आला ते विचारा. तुम्हांला सी येत नसली तरी चालेल. समजावून सांगता सांगता बऱ्याचदा त्यालाच उत्तर सापडते.

त्या विद्यार्थिनीने पुढच्याच आठवड्यात कोडे दुरुस्त केले. हेडरची ओळ परत आली आणि रँडमचे नाव फासा झाले. एका शब्दाची दुरुस्ती होती, दोन ठिकाणी. पुढच्या शनिवारी आम्ही चौथीच्या वर्गात गेलो, त्या मुलाला बोलावले आणि त्याच्या वर्गासमोर सांगितले की तुझे साडेसतरा बरोबर होते, चूक आमच्या प्रोग्रॅमची होती. त्याने विचारले, “म्हणजे कंप्युटर चुकला?” आम्ही म्हणालो, “नाही, त्याने आम्हांला आधी सांगितले होते. आम्ही वाचले नाही.”